उण्याचा रकाना

ठाण्याच्या मराठी शाळेत शिकवत असताना मी मुलांना एक सवय लावली होती. एखादी गोष्ट ठरवता येईना, मनात गोंधळ झाला, की पाटीच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची. डावीकडे अधिक, उजवीकडे उणे. गाय घ्यावी की म्हैस, सुट्टीत मामाकडे जावं की आत्याकडे, असे प्रश्न मी मुद्दाम घालत असे. मुलं प्रत्येक पर्यायाला एकेक पाटी घेऊन हसत हसत रकाने भरत, आणि दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या की उत्तर बहुतेक वेळा दिसू लागे. मुलांना ही रीत आवडे. खरं सांगायचं तर त्यांच्याहून मला जास्त आवडे. बाळकुमच्या बायजेचा प्रश्नही मी याच रीतीनं सोडवला होता, म्हणून हे आधी सांगितलं.

सन १८८४ची गोष्ट. होळी नुकतीच होऊन गेली होती. रविवारी सकाळी माझ्या नौपाड्यातल्या ओसरीसमोर चार माणसं येऊन उभी राहिली. बायजा, तिची सासू सखुबाई, बायजेची सात वर्षांची मुलगी रंगू, आणि कल्याणच्या रेल्वे बंगल्यावरचा बटलर दौलत.

बायजेचं घर मिठागरावरचं. तिचा नवरा धाकू चार वर्षांपूर्वी बांधावर साप चावून गेला. त्यानंतर ती कल्याणला रेल्वेच्या इंजिनेर साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिली. साहेबाची दोन्ही मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. महिन्यातून दोनदा ती बाळकुमला येई, आणि रंगूसाठी पदरात बांधून बिस्किटं आणी.

"मास्तर, दोन घरची बोलावणी आलीत बाईला," दौलत पायरीवर बसत म्हणाला. "आता कुठल्या घरचं माप ओलांडायचं ते तुम्ही सांगा."

"मेल्या, जीब आवर," सखुबाई म्हणाली. "रांडावली बाय हाय ती. माप कसलं काढतोस?"

दौलतनं कान धरले आणि हसला. मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. इंजिनेर साहेब नोकरी संपवून कायमचा विलायतेला चालला होता. बोटीवर आणि पुढं वर्षभर मुलं सांभाळायला त्याच्या मडमेला बायजा हवी होती. दुसरं बोलावणं मुंबईतल्या एका जर्मन व्यापाऱ्याचं. हा व्यापारी बायकोमुलांना घेऊन दीड वर्षासाठी त्याच्या गावी, हांबुर्गला, जाणार होता. त्याच्या मडमेनं कल्याणला पाहुणी आली असताना बायजेचं काम पाहिलं होतं. दोन्ही घरचे कागद दौलतच्या हातात होते, इंग्रजीत लिहिलेले. बोटी दोन आठवड्यांनी सुटायच्या होत्या.

"तुला जायचं आहे का, ते आधी सांग," मी बायजेला विचारलं.

बायजेनं रंगूला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मिठात हात घालून घालून आयेचे हात गेले, मास्तर. माजे बी गेले असते. रंगूचे जाऊ नयेत, येवरंच मना पायजे. दोन वर्सं गेलं तर पोरीच्या आयुष्याचं होईल. पन मना यातलं काय कलत नाय. तुमी सांगाल तसं."

"आणि समुद्र ओलांडल्यावर जातीतले काय म्हणतील?"

"जातीच्या पंचांना मी बघीन," सखुबाई म्हणाली. "माजी सून परत आली पायजे. बाकी काय म्हनायचं ते म्हनू दे."

मी कागद वाचले. दोन वेळा वाचले. मग एक कोरा ताव घेतला, मधोमध घडी घातली, एका बाजूला 'विलायत' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'हांबुर्ग', आणि दोन्हीकडे अधिक-उण्याचे रकाने पाडले. रंगू माझ्या गुडघ्याशी येऊन बसली आणि बोरूच्या टोकाकडे टक लावून पाहू लागली.

"आता नीट ऐका," मी म्हणालो. "विलायतेच्या घरी पगार जास्त. ते अधिकात. मुलं ओळखीची, तीही अधिकात. हांबुर्गला भाषा वेगळी, तिथं इंग्रजीसुद्धा चालत नाही. उणे."

"हिला इंग्रजी येतंय कुठं?" दौलत म्हणाला.

"'बाबा सो जाओ' येतंय," बायजा म्हणाली, आणि स्वतःच हसली.

"पुढं. हांबुर्गला पोचल्यावर आठ दिवसांत पोलिसांकडं नाव नोंदवायचं. राहतं घर बदललं तर परत नोंदवायचं. मालकाशिवाय दुसऱ्या कुणाची चाकरी करायची नाही. करार संपला की महिन्याच्या आत देश सोडायचा, आणि त्यासाठी परतीचं भाडं मालकानं मुंबईच्या पेढीवर आधीच भरून ठेवलं आहे." हे सगळं मी उण्यात लिहिलं. "विलायतेत यातलं काही नाही. ते आपल्या राणीचं राज्य. तू तिची प्रजा. तुला कुणी कागद विचारणार नाही, कुणी चौकीवर नेणार नाही. वर्ष संपलं तरी राहता येईल. एक चाकरी सुटली तर दुसरी धरता येईल. माणसासारखं राहता येईल." हे सगळं मी अधिकात लिहिलं. लिहिताना मला थोडा अभिमानही वाटला होता. राणीचा जाहीरनामा आम्ही शाळेत वाचून दाखवत असू.

सखुबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर, जिथं ही कोनाला नको हाय, तिथशीच ही परत येल. जिथं राहा म्हनतील, तिथं राहील."

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. म्हातारी भोळी आहे, असं मला वाटलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती, ती लपवत नाही. विलायतेच्या कागदात परतीबद्दल एक ओळही नव्हती. मी दौलतला विचारलं, "परत येण्याचं काय?"

"अहो मास्तर, साहेब काय हिला तिथं पुरून ठेवणार हाय? दर हंगामाला शंभर मडमा इकडं येतात. कुणाच्याबी पोरांना घेऊन येईल. भाडं बी त्यांचंच."

ते मला पटलं. मी बेरीज केली आणि विलायतेवर बोट ठेवलं.

कागदावर निशाणी करायची वेळ आली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची निशाणी कशी करायची, हे आपल्याकडं ठरलेलं होतं. कुणबी नांगर काढी, सुतार किंकरं, म्हणजे पटाशी, आणि बाई असेल तर बांगडी. मी बोरू बायजेच्या हातात दिला आणि म्हणालो, "इथं एक बांगडी काढ."

तिनं आपल्या रिकाम्या मनगटाकडं पाहिलं.

"बांगरी कशी काढू, मास्तर? माज्या हातात नाय ती. खोटं होईल."

"मग काय काढतेस?"

तिनं जरा विचार केला आणि एक लांब उभी रेघ ओढली, तिच्या खाली एक आखूड आडवी. मीठ ओढायची फळी. धाकूचीच फळी, बांबूच्या दांड्याची. रेघा वाकड्या आल्या, पण निशाणी ओळखू येत होती. रंगूनं ती बोटानं हवेत पुन्हा काढून पाहिली.

"माजी एक अट हाय," बायजा उठताना म्हणाली. "हिला तुमी वाचाला शिकवा. माजं पत्र आलं की दुसऱ्या कोनी वाचून दाखवायला नको."

मी ते आनंदानं कबूल केलं. रकान्यांचा ताव सखुबाईनं मागून घेतला. त्यावर काय लिहिलंय ते तिला कळत नव्हतं, पण सुनेचा कागद आहे म्हणून तिनं तो नीट घडी करून कमरेला खोवला.

बायजा कल्याणहून साहेबाच्या कुटुंबाबरोबर गाडीनं मुंबईला गेली. गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावरून जाते, हे रंगूला माहीत होतं. म्हणून सखुबाई तिला घेऊन सकाळपासून पुलाजवळच्या बांधावर बसली. मीही गेलो. मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना खुपत होते. गाडी पुलावर आली तेव्हा एका खिडकीतून पांढरं फडकं बाहेर आलं आणि पूल संपेपर्यंत हलत राहिलं. रंगूनं दोन्ही हात वर केले. गाडी गेल्यावरही ते तिनं बराच वेळ खाली घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेला येऊ लागली. बाळकुमहून रोज चालत येई, डोक्यावर पाटी धरून. पहिल्या दिवशी मुलींनी तिला पाहून नाकं मुरडली, कारण तिच्या पायांना सुकलेलं मीठ लागलेलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. अक्षर तिला आवडे. सुट्टीच्या दिवशी मी बाळकुमला गेलो तर ती मिठागराच्या ओल्या चिखलात काठीनं अक्षरं काढून दाखवी, आणि सखुबाई ओरडे, "अगो, वाफा खराब होईल! अक्षरावर काय मीठ धरतंय?"

"धरेल गो आजी," रंगू म्हणे. "आयेला मिठाचं पत्र धाडू."

एक गोष्ट मी तिला मुद्दाम शिकवली. पत्र हातात आलं की आधी शेवट पाहायचा. खाली नाव कुणाचं, निशाणी कुणाची, ते ओळखायचं, मग मजकूर वाचायचा. पुष्कळ माणसं मजकुरानं फसतात, असं मी तिला सांगितलं. ती गंभीरपणे मान हलवी.

पहिलं पत्र गौरी-गणपतीच्या दिवसांत आलं. मडमेनं लिहिलेलं, इंग्रजीत, चार ओळींचं. बायजा खुशाल आहे, मुलं तिच्यावर माया करतात, ती सर्वांना नमस्कार सांगते. रंगूला मजकूर वाचता येईना, पण तिनं शिकवल्याप्रमाणे आधी शेवट पाहिला. उभी रेघ, खाली आडवी.

"आयेची फली!" ती ओरडली आणि पत्र घेऊन शाळेभर धावत सुटली. त्या दिवशी मी तिला रागावलो नाही.

त्यानंतर काही आलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. करारातलं वर्ष संपलं. मी मडमेला पत्र लिहिलं. उत्तर पावसाळ्याच्या तोंडावर आलं. मुलांना शाळेच्या वसतिगृहात घातल्यामुळे बायजेची गरज उरली नव्हती. तिला मागच्या नोव्हेंबरातच निरोप दिला, सोबत चांगलं शिफारसपत्र दिलं. ती दुसरी जागा शोधण्यास मोकळी होती. सध्या ती कुठं आहे हे ठाऊक नाही.

मी ते पत्र रंगूला वाचून दाखवलं नाही. आई दुसऱ्या घरी कामाला लागली आहे, एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं.

कचेरीत माझ्या ओळखीचे एक वृद्ध कारकून होते. त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, एक बाई तिकडं अडकली आहे, सरकारतर्फे तिचा शोध घेऊन तिला परत आणता येईल काय? त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"अडकली म्हणजे? कुणी कैदेत ठेवलं आहे?"

"नाही."

"राहायला मनाई आहे?"

"नाही. उलट मुभा आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले. "मनाई असती तर काहीतरी हुकूम निघाला असता. मुभा आहे तिला परत आणायचं कलम कुठून काढू, मास्तर? ज्याला जा म्हणायचं नाही, त्याला पोचवायचंही कुणावर येत नाही."

मी घरी आलो आणि कितीतरी वेळ ओसरीवर बसून राहिलो. सखुबाई काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द आठवलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दौलत एका बाईला घेऊन माझ्याकडं आला. कलावती तिचं नाव, कोपर गावची. बायजा गेली नाही म्हणून जर्मन व्यापाऱ्यानं हिला नेलं होतं. अंगात जाड लोकरी बंडी, ती उन्हातही काढायला तयार नव्हती.

"लई ताप दिला, मास्तर," ती सांगू लागली. "दर महिन्याला शिपाई येई. हाय का, गेली का, कवा जानार. मी म्हनायची, अरे बाबा, मना इथं घर बांधायचं नाय! दीड वर्स भरलं त्या दिवशी मडमेच्या नवऱ्यानं मना बोटीवर चरवली, आन् बोट सुटंपावतर तो शिपाई धक्क्यावर हुबा. मी खरंच गेले का, ते बघत." ती हसली. "माज्या नवऱ्यानं बी माजी येवरी वाट बघितली नसंल."

मी हसू शकलो नाही. तिनं रंगूसाठी एक लाकडी बाहुली आणली होती, बायजेची मुलगी म्हणून. ती मी कपाटात ठेवली आणि बरेच दिवस रंगूला दिली नाही.

पुढच्या होळीच्या आसपास पत्र आलं. पाकिटावरचं नाव या वेळी मराठीत होतं, सुंदर वळणदार मोडीत नव्हे, तर बाळबोध अक्षरात, मुलाला वाचता यावं असं. मी ते न फोडता बाळकुमला घेऊन गेलो, कारण तसं ठरलं होतं. मिठागरावर दुपारचं जेवण चाललं होतं. आजूबाजूच्या बायाही जमल्या. रंगूनं हात पुसले, पत्र उलगडलं आणि आधी शेवट पाहिला.

तिचं तोंड बदललं. मग एकेका शब्दाखाली बोट धरत वाचू लागली.

"मी खुशाल आहे. मला इथं चांगली नोकरी मिळाली आहे. मी आता इथंच राहणार. रंगूनं माझी वाट पाहू नये. तिनं शिकावं. सासूबाईंना दंडवत."

"हात कोनाचा?" सखुबाईनं विचारलं.

"हात कोनाचा ते नाय कलत," रंगू म्हणाली. "पन खाली फली नाय गो आजी. बांगरी हाय."

खाली एक गोल होता, नीट रेखलेला. शेजारी बसलेली एक बाई चटकन म्हणाली, "मंग पाट लावलाय कोनाशीतरी तिथं. बांगऱ्या भरल्या तिनं."

सखुबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "पोर हिकरं, आन् ती तिकरं बांगऱ्या घालतंय," ती म्हणाली. "तरी म्हनलं, इथंच राहनार असं का म्हनतंय. माज्या धाकूची फली पुसली तिनं."

"तसं नसेल," मी म्हणालो. "अक्षर दुसऱ्याचं आहे. निशाणीही दुसऱ्यानं केली असेल."

"दुसऱ्यानं कनाला करायची? तिला हात नायत?"

गावात संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. बायजेनं परदेशात पाट लावला, पोरीला टाकलं. रंगू दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईबरोबर तिनं पाटी परत पाठवली. वाचायला शिकायचं ते आईच्या पत्रासाठी. आता आईचं पत्र नको, असा निरोप होता.

पत्राच्या पाठीमागं लिहिणाऱ्याचं नाव आणि लंडनचा पत्ता बारीक अक्षरात होता. गुरुदत्त नावाचा कुणी कायदा शिकणारा विद्यार्थी. मी त्याला त्याच दिवशी लिहिलं. लिहिलं, की तुम्ही काढलेल्या एका बांगडीमुळे इथं एका मुलीची आई हरवली आहे. जे खरं असेल ते कृपा करून कळवा.

उत्तर यायला दोन महिन्यांहून अधिक लागले. वैशाख संपत आला होता. मी पत्र ओसरीवरच फोडलं, वाचलं, आणि टोपी घालून निघालो.

मिठागरावर हंगामातलं शेवटचं मीठ ओढणं चाललं होतं. सखुबाई एका वाफ्यात होती, रंगू दुसऱ्यात. रंगूच्या हातात तिच्या उंचीहून लांब फळी होती. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे झाले होते.

"रंगू, वर ये," मी म्हणालो. "पत्र आलं आहे. तुझ्या आईबद्दल आहे. खरं आहे ते."

"मना नको."

"मी वाचतो. तू फक्त ऐक."

ती आली नाही, पण फळी थांबली. मी बांधावर बसून मोठ्यानं वाचलं. ते पत्र अजून माझ्या ध्यानात आहे.

'परदेशातून आणून सोडून दिलेल्या आयांसाठी इथं एक धर्मादाय घर आहे. दर रविवारी मी तिथं पत्रं लिहून देण्यास जातो. बायजाबाई त्या घरात मागच्या पावसाळ्यापासून होत्या. त्याआधी त्यांनी धुण्याची कामं केली, असं त्यांनी मला सांगितलं. हिंदुस्थानास जाणारी कुटुंबं त्या घरी येऊन आया निवडतात. त्यांना चार वेळा उभं केलं गेलं. पण थंडीनं त्यांना खोकला जडला होता, आणि मुलांजवळ खोकणारी बाई कुणाला नको होती. इथं राहण्यास त्यांना कुणी मना केलं नाही. परत पाठवण्यास कुणी आलं नाही. फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा त्या उठू शकत नव्हत्या. म्हणाल्या, लिहा, मला नोकरी मिळाली, मी इथंच राहते. मी विचारलं, हे खोटं कशाला? त्या म्हणाल्या, पोर वाटच बघत बसली तर शिकणार कधी? लिहून झाल्यावर मी बोरू त्यांच्या हातात दिला. त्यांनी धरला, पण हात वळेना. बाईमाणसाची निशाणी म्हणून मी आपल्या पद्धतीप्रमाणे बांगडी काढली. त्या विधवा आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती पाहिली नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या. माझ्या हातून जे झालं त्याची क्षमा कुणाकडं मागू, हे मला समजत नाही.'

सखुबाई वाफ्यातच खाली बसली, खाऱ्या पाण्यात. "दोन महिने मी तिला शिव्या घातल्या गो," ती म्हणाली. "ती मेली होती, आन् मी शिव्या घालीत होते." तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. शेजारच्या वाफ्यातल्या बाया धावत आल्या.

रंगू फळी आडवी टाकून वर आली. पाय पुसले नाहीत. माझ्या हातातून पत्र घेतलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून स्वतः वाचायला लागली. जोडाक्षरांवर अडखळत होती. मी सांगायला गेलो तर तिनं मान हलवून मला थांबवलं. 'हात वळेना' इथं बोट बराच वेळ थांबलं. मग शेवटपर्यंत वाचलं. तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज फुटला नाही. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच रडते आहे, असं नंतर सखुबाईनं मला सांगितलं. तोवर तिनं आईसाठी रडायचं नाही असं ठरवलं होतं.

झोपडीत एक पत्र्याचा डबा होता. आईचे कागद त्यात ठेवलेले. रंगू तो घेऊन आली आणि नवं पत्र ठेवण्यासाठी आतले कागद बाहेर काढले. फळीची निशाणी असलेलं पहिलं पत्र. बांगडीचं दुसरं. आणि तळाशी घडी केलेला एक मोठा ताव.

तो तिनं उलगडला. माझं अक्षर होतं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या गुडघ्याशी बसून त्याच्याकडं पाहत होती, तेव्हा तिला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं. आता येत होतं.

"विलायत," तिनं वाचलं. "अधिक. राहता येईल. कागद लागत नाही." बोट सरकत सरकत दुसऱ्या बाजूला गेलं. "हांबुर्ग. उणे. मुदत संपली की राहू देत नाहीत." ती थांबली, आणि शेवटची ओळ तिनं हळू, नीट सुटी सुटी वाचली. "परत पाठवतात."

तिनं वर पाहिलं. रागानं नव्हे. वर्गात एखादं गणित समजलं नाही की मूल जसं पाहतं, तसं.

"मास्तर, हे उण्यात कनाला लिवलं?"

तीस वर्षं मी मुलांना शिकवत होतो. प्रश्न विचारलेल्या मुलाला मी कधी उत्तर दिल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं. मी खिशातून शिसपेन काढली. तो ताव गुडघ्यावर घेतला. हांबुर्गच्या उण्यातली शेवटची ओळ खोडली, आणि डावीकडं, अधिकाच्या रकान्यात, जागा पाहून पुन्हा लिहिली. शाळेत चुकलेलं उदाहरण मी मुलांकडून असंच दुरुस्त करून घेत असे.

"चुकलं होतं माझं," मी म्हणालो.

रंगूनं वाकून ती ओळ वाचली. बरोबर लिहिली आहे ना, ते पाहिलं. मग तिन्ही पत्रं त्या तावात गुंडाळून डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि पाण्यात बसलेल्या आजीला उठवायला गेली.